अनिपा एजेंच्या विषयाबद्दल मुलांनी काय लिहिलं

अनिपा एजेंचा विषय टिकला त्याला आता चार महिने होत आले. नव्या सत्राचं वेळापत्रक टाईप करताना मंगळवार आणि गुरुवारच्या रकान्यात त्यांचं नाव आलं की मला अजून हायसं वाटतं. डिसेंबरात काही दिवस असे गेले होते की ते नाव पुन्हा टाईप करायला मिळेल की नाही याची मला खात्री नव्हती.

मी कोकजारच्या विद्यापीठात डीनच्या ऑफिसात कारकून आहे. वेळापत्रक, हजेरी, दाखले आणि गेली पाच वर्षं मुलांची मतं, हे सगळं माझ्याकडे. सत्र संपत आलं की मी प्रत्येक वर्गात छापील फॉर्म घेऊन जाते आणि शिक्षकांना बाहेर पाठवते. मुलं नाव न घालता विषय कसा वाटला ते लिहितात. मग त्यांच्यासमोरच मी पाकीट चिकटवते आणि वर शिक्का मारते. एरवी कुणाला मोजत नाहीत असे प्राध्यापक त्या दहा मिनिटांत व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना मी पाहिलेत.

एजेंच्या विषयाचं कागदावरचं नाव 'आधुनिक निसर्गविज्ञानाच्या संकल्पना'. इतिहास, भाषा, कायदा, अर्थशास्त्र, काहीही शिकायला आलात तरी पहिल्या वर्षी हा घ्यावाच लागतो. मुलं नुसतं 'संकल्पना' म्हणतात, आणि म्हणताना तोंड असं करतात की जणू दात काढून घ्यायला निघालेत. मी स्वतः एजेंच्या पहिल्या तुकडीतली. मला पाचपैकी तीन मिळाले होते, आणि तेही हस्ताक्षरासाठी, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंनाही तेच म्हणतात. पण अनिपा एजे मुळात शिकवणाऱ्या नव्हेतच. तरुणपणी त्या वर, हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रात होत्या. दिवसातून तीनदा बर्फाचं तापमान घ्यायचं, वहीत लिहायचं, महिन्यातून एकदा घोड्यावरून खाली येऊन आंघोळ करायची आणि परत वर जायचं. अशी नऊ वर्षं गेली. मग तो जुना, मोठा देश मोडला, पगार थांबले, केंद्राला कुलूप लागलं. त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांच्याकडे कपड्यांचं एक बोचकं होतं आणि नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळलेली थर्मामीटरांची लाकडी पेटी. बारा थर्मामीटर, प्रत्येकाच्या मानेला वेगळ्या रंगाचा दोरा. पेटी परत मागायला कुणी आलं नाही, कारण मागणारं कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर सात वर्षं त्यांनी बाजारात नमद्याच्या सपाता विकल्या. विद्यापीठाला हा नवा विषय शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि कोकजारमध्ये विज्ञान हाताने केलेलं माणूस एकच होतं. तेव्हा त्यांना बाजारातूनच बोलावून आणलं. पहिल्या तासाला त्या सपाता विकायच्या जाड स्वेटरमध्ये आल्या होत्या, ते मला आठवतं. त्या आल्या, आमच्याकडे न बघता फळ्याकडे वळल्या आणि दीड तास लिहीत राहिल्या.

पुढची कित्येक वर्षं त्यांनी तसंच शिकवलं. मग फॉर्मची पद्धत आली आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या पाकिटातून एक वाक्य निघालं. विद्याशाखेच्या परिषदेत ते वाचून झालं. दुसऱ्या दिवशी एजे माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"नाझिक, 'बाई फळ्याशी बोलतात' म्हणजे काय गं?"

"एजे, म्हणजे... तुम्ही आमच्याकडे बघत नाही."

"तुमच्याकडे? तुझ्या वेळीही?"

"माझ्या वेळी तर तुमचा चेहरा मी परीक्षेलाच पाहिला."

त्यांनी टेबलावरचा फॉर्मांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाल्या, "वर हिमनदी होती. ती बघते की नाही, हा प्रश्नच नव्हता." आणि निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण पुढच्या सत्रात त्यांनी वर्गात पाऊल टाकताच खुर्ची वळवून मुलांकडे तोंड करून ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: तुमच्या घरात अशी कुठली गोष्ट आहे जी का होते ते कुणाला ठाऊक नाही? एकाने विचारलं, उन्हाळ्यात वर जायलोवर, म्हणजे गुरांच्या कुरणात, मांस शिजायला एवढा वेळ का लागतो. दुसरीने विचारलं, घोडीचं दूध आंबलं की बाटलीचं बूच का उडतं. त्या दोन प्रश्नांवर त्यांनी महिना काढला. तेव्हापासून त्यांचा विषय मुलांच्या घरातूनच सुरू होतो.

आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट. ऑक्टोबरात राजधानीतून, बिश्केकहून, पत्र आलं की हा विषय ठेवायचा की नाही ते ज्या त्या विद्याशाखेने ठरवावं. आमचे डीन सोवेतबेक अगाय, म्हणजे सोवेतबेक सर, इतिहासाचे. माणूस वाईट नाही, पण त्यांना त्या तासांत 'जाहीर भाषणकला' बसवायची होती. त्यांनी एजेंना बोलावलं तेव्हा मी तिथेच फायली लावत होते.

"एजे, मी काही ठरवलेलं नाही," अगाय म्हणाले. "मुलांचं मत बघू. या वेळची पाकिटं परिषदेत उघडू आणि जे निघेल त्यावर हात वर करू. मला त्यात ओढू नका."

"मुलांनी नको म्हटलं तर?"

"तर तुम्ही दोन वर्षं ग्रंथालयात बसा. मग पेन्शन आहेच."

एजेंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ग्रंथालयात ऊब असते म्हणतात." एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी तीनदा माझ्याकडे येऊन परिषदेची तारीख विचारली, तीही आधीच्या दोन वेळा सांगितलेली असताना.

नोव्हेंबरच्या शेवटी त्या दरवर्षीसारखा प्रयोग करतात. पेटीतले थर्मामीटर मुलांना घरी देतात. सुट्टीत गावाला जा, पाणी उकळा, तीनदा मोजा, गावाची उंची लिहून आणा. मग वर्गात फळ्यावर एकेक ठिपका मांडायचा. गाव जितकं उंच तितकं पाणी लवकर उकळतं, आणि ठिपके उतरणीला लागल्यासारखे एका रेषेत येतात. कोकजारला त्र्याण्णव अंश, खालच्या गावांना पंचाण्णव, खिंडीकडे नव्वद. त्या दिवशी वर्गात सगळ्यांना मजा येते. आपल्या आईच्या चुलीवरचा आकडा फळ्यावर बघायला कुणाला आवडणार नाही?

त्या गुरुवारी इतिहासाच्या वर्गात हजेरीचा कागद घ्यायला मी गेले तेव्हा ठिपके मांडणं चाललं होतं. पेरीझात नावाची एक मुलगी उठली. तिचं घर वर, खिंडीच्या खाली, मेंढ्यांच्या हिवाळी गोठ्याजवळ. उंची अठ्ठावीसशे मीटर. तिने आकडा सांगितला: चौऱ्याण्णव.

खडू हातात तसाच धरून एजे वळल्या.

"किती?"

"चौऱ्याण्णव, एजे."

"इथे, आठशे मीटर खाली, त्र्याण्णव. आणि तुझ्या घरी, ढगांच्या शेजारी, चौऱ्याण्णव?"

"तीनदा मोजलं, एजे. तिन्ही वेळा तेच आलं."

"हा आकडा पाणी न ठेवता लिहिलेला आहे. वसतिगृहात बसून."

"मी घरी गेले होते."

"मग तुमचा डोंगर सुट्टीत खाली आला असेल."

वर्ग हसला. पेरीझात उभीच होती. तिने थर्मामीटर पुढे धरला. त्याच्या मानेला निळा दोरा होता. एजेंनी तो बघितलासुद्धा नाही, पेटीत ठेवला आणि म्हणाल्या, "ही साधनं माझ्याकडे तीस वर्षं आहेत. ती खोटं बोलत नाहीत. बस."

ती बसली नाही. पिशवी उचलली आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. तिच्या बाकावर एक वही राहिली होती, ती शेजारच्या मुलीने आपल्या पिशवीत टाकली.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, त्या वर्गाचे फॉर्म भरून घेण्याची पाळी होती. मी तारीख बदलू शकत नव्हते. मुलं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत बसली, एरवी दोन ओळींत आटपतात. पेरीझात नव्हती, ती आदल्या संध्याकाळीच गावाकडच्या टॅक्सीत बसली, असं मुली म्हणाल्या. मी पाकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि कपाटात ठेवलं.

मंगळवारी कायद्याच्या मुलांचा प्रयोग होता. त्यांतले बरेच सुट्टीत घरी गेले नव्हते, म्हणून एजेंनी वर्गातच केटली लावली आणि प्रत्येकाला एकेक थर्मामीटर दिला. मी पुन्हा हजेरीसाठी दारात होते. सगळे मोजतात, त्र्याण्णव, त्र्याण्णव, त्र्याण्णव. मागच्या बाकावरचा एक लांब मुलगा म्हणाला, "माझा साडेशहाण्णव."

"नीट बघ."

"नीटच बघतोय." तो थर्मामीटर उंच धरून म्हणाला, "एजे, मीही खोटं बोलतोय का?"

म्हणजे गोष्ट तोवर कायद्याच्या मुलांपर्यंत पोचली होती. वर्गात कुणी हसलं नाही. एजे त्याच्या बाकापर्यंत चालत गेल्या. थर्मामीटरला निळा दोरा होता.

त्यांनी खिडकी उघडली, कठड्यावरचं बर्फ एका पेल्यात भरलं, थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि आधी तांबड्या दोऱ्याचा थर्मामीटर त्यात धरला. शून्य. मग हिरव्याचा. शून्य. मग निळ्याचा. पारा साडेतीनवर थांबला आणि तिथून हलेना. एजेंनी तो काढला, पुसला, परत घातला. साडेतीन. माझ्यापासून त्या चार हातांवर होत्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"चौऱ्याण्णवमधून साडेतीन गेले किती?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"साडेनव्वद," कुणीतरी म्हणालं.

"अठ्ठावीसशे मीटरला किती यायला पाहिजे?"

मुलांनी माना फळ्याकडे वळवल्या. रेषा समोरच होती, अठ्ठावीसशेला साडेनव्वद.

तास संपल्यावर त्या माझ्या ऑफिसात आल्या आणि दार लावून घेतलं. मी चहा दिला. त्यांनी घेतला नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर माझीही वाईट बुद्धी जागी झाली.

"एजे," मी म्हटलं, "इतिहासाचं पाकीट त्या कपाटात आहे. केटलीच्या वाफेवर धरलं तर डिंक सुटतो. काय लिहिलंय ते तरी कळेल. तुम्ही तयारीत राहाल."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

"सुटेल," त्या म्हणाल्या. "त्र्याण्णवलाही सुटतो." मग डोकं हलवलं. "नको. ते ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी मी तशीच होते. ते तसंच वाचलं जाऊ दे. तुझा भाऊ वर खिंडीकडे गाडी घेऊन जातो ना?"

"शनिवारी जातो. का?"

"मला आणि चार थर्मामीटरांना जागा हवी आहे."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी बरोबर गेले, कारण एजे एकट्या गेल्या तर त्या दारातच उभ्या राहून तापमानाबद्दल बोलत राहतील आणि माफी मागायची राहून जाईल, अशी मला भीती होती. रस्त्याला बर्फ होतं, पण कडक. चाकं धरत होती. एजे मांडीवर पेटी घेऊन पुढे बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होत्या, "पोरगी परत आली नाही तर कायद्याने काय करता येतं?"

"एजे, कायद्याचं मला काय विचारता? मी कारकून."

"तुला तीनच मिळाले होते, हो."

पेरीझातचे वडील, कालिल, गोठ्यापाशीच भेटले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. पाहुणे म्हटल्यावर त्याने काही न विचारता आम्हाला आत नेलं. पेरीझातच्या आईने पांढरं कापड अंथरलं, त्यावर बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, आणि वाटीत साय ठेवली. पेरीझात कोपऱ्यात लोकर विंचरत बसली होती. तिने सलाम केला आणि परत लोकरीकडे बघू लागली.

चहाचा पहिला पेला झाल्यावर कालिल म्हणाला, "एजे, मुलगी म्हणते तिला खोटारडी ठरवलं. आम्ही मेंढ्या राखतो, शिकलेलो नाही. पण आमच्यात आकडा चुकवत नाहीत. मेंढ्यांचाही नाही."

"म्हणूनच आले," एजे म्हणाल्या. "चूक माझी आहे. ती तुमच्यासमोर दाखवायची आहे. तुमच्या चुलीवर पाणी ठेवाल का?"

पेरीझातच्या आईने पातेलं ठेवलं. पाणी खळखळायला लागलं तसे आम्ही सगळे चुलीभोवती जमलो. माझा भाऊसुद्धा गाडी सोडून आत आला. एजेंनी तांबडा थर्मामीटर कालिलच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा. मी वाचणार नाही."

त्याने डोळे बारीक केले. "नव्वद... आणि वर अर्धं."

हिरवा त्याने बायकोला दिला. तिला वाचता येत होतं, ती भरभर म्हणाली, "तेवढंच." पिवळा माझ्या भावाने बघितला: साडेनव्वद. मग एजेंनी निळा दोरा पेरीझातपुढे धरला. ती उठली, लोकर झटकली आणि थर्मामीटर पाण्यात धरला. पारा वर चढत गेला. कालिल तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

"तेव्हा किती आलं होतं?"

"चौऱ्याण्णव. तिन्ही वेळा."

"तू बरोबर वाचलं होतंस. तुला मी दिलेलं साधन बिघडलेलं होतं, आणि ते तपासणं माझं काम होतं. मी ते केलं नाही, वर तुला सगळ्यांसमोर बोलले." एजे तिच्याकडे वळल्या. "पेरीझात, माफ कर. जे मी वर्गात बोलले ते वर्गातही मागे घेणार आहे. तू असलीस तरी आणि नसलीस तरी."

पेरीझातने थर्मामीटर पुसून त्यांच्या हातात दिला. तिचा चेहरा अजून घट्टच होता. मग ती म्हणाली, "मला वाटलं मीच काहीतरी चुकत होते. मी घरी आल्यावर रोज पाणी उकळत होते. साध्या, ताप बघायच्या थर्मामीटरने बघत होते. तो फुटला."

"चांगला होता तो," तिची आई म्हणाली. "रशियन होता."

यावर कालिल हसला, आणि तो हसला म्हणून आम्ही सगळे हसलो. एजेंनी डोळे पुसले. चुलीचा धूर होता, असं त्या नंतर म्हणाल्या, पण ती चूल धुराची नव्हती. जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. त्या उंचीवर मांस शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, आणि तेवढ्या वेळात कालिलने एजेंना हिमनदीबद्दल इतके प्रश्न विचारले की कुठल्याही वर्गाने कधी विचारले नसतील. परत येताना पेरीझात आमच्याबरोबर गाडीत होती. वाटेत तिने मला विचारलं, "नाझिक एजे, फॉर्म आता भरता येईल का?"

"नाही गं. शिक्का पडला."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या दिवशी भरला असता तर भलतंच लिहिलं असतं."

मंगळवारी एजेंनी इतिहासाच्या वर्गात जाऊन, पेल्यात बर्फ घेऊन, सगळं पुन्हा करून दाखवलं. पेरीझातच्या आकड्याचा ठिपका तिच्याच हातून रेषेवर मांडून घेतला. पण पाकीट तोवर बंद होतं. त्याला या सगळ्याचा काही पत्ता नव्हता.

परिषद डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरली. टेबलाभोवती नऊ जण. एजे दाराजवळच्या खुर्चीत. नियमाप्रमाणे पाकिटं मीच उघडायची आणि मीच वाचायची. चार वर्गांचे मिळून एकशे शहाऐंशी फॉर्म होते. कायद्याच्या वर्गाचे आधी वाचले.

"वकिलाला वाफेचं काय करायचं?" एकाने लिहिलं होतं.

"विषय बरा आहे, पण सकाळी आठला नको."

"एजे केटली आणतात पण चहा देत नाहीत."

"मी आजीला प्रेशर कुकर घ्यायला लावला. मांस आता तासाभरात होतं. आजी विचारते ही बाई कोण. विषय ठेवा."

"रद्द करा. कृपया."

डीन अगाय एका कागदावर रेघा ओढून मोजत होते. भाषेच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गांचंही असंच खालीवर चाललं होतं. मग मी इतिहासाचं पाकीट उघडलं. शेजारच्या बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

पहिलाच फॉर्म असा होता: "काल एजेंनी आमच्या वर्गातल्या मुलीला खोटारडी म्हटलं. ते चूक होतं."

दुसरा: "निळ्या दोऱ्याचा थर्मामीटर तपासून बघावा. मला वाटतं तो बिघडला आहे. ती मुलगी तीनदा मोजते, मी तिच्या खोलीत राहते, मला माहीत आहे."

मी वाचत गेले. एकामागून एक, निळा दोरा, निळा दोरा. सोवेतबेक अगायांनी रेघा ओढणं थांबवलं. एजे जमिनीकडे बघत होत्या. मग एक फॉर्म आला, हिरव्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. तो मला आज जवळजवळ पाठ आहे.

"या विषयात पहिल्या महिन्यात एजेंनी सांगितलं होतं की आकडा जुळला नाही तर आधी साधन तपासा, मग पद्धत तपासा, आणि माणसावर सगळ्यात शेवटी या. काल त्या थेट माणसावर आल्या. मला राग आला. पण मला राग का आला याचा विचार केला तर उत्तर असं की योग्य रीत कुठली हे मला ठाऊक होतं, आणि ते मला याच विषयातून कळलं. शाळेत मला कुणी आकड्यावर प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं. विषय ठेवा. एजेंना थर्मामीटर तपासायला सांगा."

त्याच अर्थाचं, वेगवेगळ्या शब्दांत, अजून अकरा जणांनी लिहिलं होतं. इतिहासाच्या वर्गात त्रेचाळीस फॉर्म होते. त्यांतल्या छत्तीस जणांनी एजेंवर टीका केली होती, आणि त्रेचाळिसांपैकी एकोणचाळीस जणांनी फॉर्मवरच्या 'विषय ठेवा' या चौकोनावर खूण केली होती. मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

"एजे," डीन अगाय म्हणाले, "हे निळ्या दोऱ्याचं काय प्रकरण आहे?"

एजे उठल्या. त्या सरळ उभ्या राहून पेल्यातल्या बर्फापासून कालिलच्या चुलीपर्यंत सगळं सांगत गेल्या. स्वतःला कुठे वाचवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मुलांनी जे लिहिलंय ते खरं आहे. माझ्या आधी त्यांना कळलं."

टेबलाच्या टोकाला भाषा विभागाच्या वयस्कर बाई बसतात. इतका वेळ त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे कोकजारला पाणी त्र्याण्णवलाच उकळतं? वर जातच नाही?"

"जात नाही, एजे," अनिपा एजे त्यांना म्हणाल्या.

"आमच्या घरी बटाटे शिजत नाहीत ते त्यामुळे?"

"त्यामुळेच."

"तीस वर्षं मी नवऱ्याला बटाट्यांवरून बोलते आहे. म्हणते बाजारातून भलतेच उचलून आणतो."

डीन अगायसुद्धा हसले. मग त्यांनी घसा साफ करून म्हटलं, विषय ठेवायचा त्यांनी हात वर करा. आठ हात वर गेले. आठवा त्यांचा स्वतःचा होता, तो जरा उशिराने आला. भाषणकलेला शनिवारची दुपार मिळाली. तिला मुलं कितपत येतात ते मी इथे सांगत नाही. नवे थर्मामीटर मंजूर झाले, अजून आलेले नाहीत. एजे मात्र आता सत्राच्या पहिल्या तासाला मुलांकडूनच सगळे थर्मामीटर बर्फात तपासून घेतात, आणि निळा दोराही त्यांत असतो. साडेतीन वजा करा, म्हणतात, आणि वापरा.

परिषद संपल्यावर मी फॉर्मचे गठ्ठे बांधायला ऑफिसात आले. मागोमाग एजे आल्या. त्या हीटरजवळच्या खुर्चीत बसल्या, बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि पाठ टेकली. खिडकीतून डिसेंबरातलं कोवळं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. मी विचारलं, "चहा करू?" उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं, तर त्या झोपल्या होत्या, तोंड जरासं उघडं, हात पोटावर. कित्येक आठवड्यांची झोप एकदम आल्यासारख्या.

थोड्या वेळाने सोवेतबेक अगाय सहीचे कागद घेऊन आत आले. मी बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी एजेंकडे पाहिलं, कागद टेबलाच्या कडेला अलगद ठेवले आणि जाताना दार ओढून घेतलं, अगदी सावकाश, आवाज न करता.